वीटभट्टीवर जाण्याआधी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात दिवाळी सरता सरता भात कापून, झोडून होतं. घरात आलेलं धान्य किती महिने पुरेल याचा हिशेब त्याच सुमारास मांडला जातो, आणि बहुतेक घरांत तो सारखाच निघतो. मुकादमाकडून उचल तर अनेकांनी पावसाळ्यातच घेतलेली असते. मग एका पहाटे पाड्याच्या तोंडाशी टेम्पो लागतो. हंडे, गोधड्या, तांदळाची गोणी, एखादी कोंबडी, तान्ही पोरं आणि त्यांच्या आया असं सगळं त्यात चढतं आणि भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतं. जे भट्टीवर जात नाहीत त्यांच्यातले कितीतरी पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने दर्यावर असतात. बाया रोज जीपने किंवा रेल्वेने उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत जातात, नाही तर डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत मजुरी करतात. भट्टीवर गेलेलं कुटुंब परततं ते पावसाच्या तोंडावर.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर लिहायचं तर या भागात सुरुवात टेम्पोपासूनच करावी लागते. हा कॅन्सर सावकाश येतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण होते, बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, थोड्या जणींच्या शरीरात ठाण मांडून बसतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. इतका अवधी देणारे कॅन्सर फार थोडे. मधल्या काळात पेशी बिघडू लागल्या आहेत एवढं कळलं, तर काही मिनिटांच्या उपचारात काम भागतं. तरीही 2022 साली भारतात या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण सापडले आणि जवळपास 80 हजार बायका त्याने मेल्या. जगभरात त्या वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मृत्यू झाले, म्हणजे दर चार-पाच मृत्यूंत एक भारतातला. पंधरा वर्षं हाताशी असूनही आपल्याला त्या बाईपर्यंत एकदाही पोचता येत नाही, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

उदाहरण म्हणून डहाणू तालुक्यातलं कैनाड गाव घेऊ. या तालुक्यात दर दहा माणसांत जवळपास सात आदिवासी आहेत, शेजारच्या तलासरीत नऊ. वारली, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी असे समाज इथे राहतात. किनाऱ्यापासून आत वळलं की गाव म्हणजे एकजागी वस्ती अशी सवय सोडावी लागते. गाव पाड्यापाड्यांत पसरलेलं असतं, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर शेताचे बांध, ओहोळ, चढउतार आलेच. आरोग्य उपकेंद्र कागदावर गावातच असतं. पाड्यावरच्या बाईसाठी ते अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवण्याइतकं लांब असू शकतं. त्यापुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग डहाणूचं किंवा कासाचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीकडे ग्रामीण रुग्णालय, आणि कॅन्सरच निघाला तर थेट मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. 2014 साली ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, मुख्यालय जवळ आलं. या आजाराच्या बाबतीत मात्र परळचं अंतर होतं तेवढंच आहे.

सरकारचा कार्यक्रम नाही असं नाही. 2016 साली केंद्राने तीस ते पासष्ट वयाच्या सगळ्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करायची, असा आराखडा काढला. पद्धत ठरली ती व्हीआयए, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिडचं पातळ द्रावण लावून डोळ्यांनी पाहायचं. त्यानंतर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 2021 या काळात, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. शंभरातल्या दोघीसुद्धा नाहीत.

का, ते कळण्यासाठी ही तपासणी जवळून पाहायला हवी. खोलीत लोखंडी टेबल, त्यावर रेक्झिन. पडदा असला तर असतो. बाईने लुगडं वर घेऊन आडवं व्हायचं, गुडघे दुमडून बाजूला करायचे. नर्सबाई किंवा डॉक्टर स्पेक्युलम आत घालून उघडतात. लोखंड गार असतं आणि भीतीने अंग आखडलं की दुखतंही. दिवा नीट धरावा लागतो, उपकेंद्रात वीज गेली तर बॅटरी. द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा तोंडावर टेकवून मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशी असतील तिथे पांढरा डाग उमटतो. तो डाग खरा की नुसत्या सुजेचा, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर. सराव असलेल्या नर्सबाईला बरंचसं अचूक दिसतं, नव्याने शिकलेल्या बाईला कधी प्रत्येक डाग संशयास्पद वाटतो, कधी एकही नाही. पाळी गेलेल्या बाईत तर ज्या भागावर डाग उमटायचा तोच आत सरकलेला असतो, म्हणून पन्नाशीनंतर या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही.

एवढं सगळं, आणि तेही बाईला काही त्रास होत नसताना. ‘मला काही होत नाही, मग कशाला दाखवू?’ हा प्रश्न कोणत्याही पाड्यावर ऐकू येतो आणि तो अडाणीपणाचा नाही. ज्या बाईने बाळंतपणाखेरीज कधी अंग दाखवलेलं नाही, कित्येकदा तेही घरीच सुईणीच्या हातून झालेलं आहे, तिने दिवसाची मजुरी सोडून, गावात सगळ्यांना ठाऊक असलेल्या खोलीत जाऊन टेबलावर चढावं, अशी आपली अपेक्षा असते. तपासणारा पुरुष डॉक्टर असेल तर प्रश्नच मिटला. बाई आली नाही की आपण म्हणतो, जनजागृती कमी पडते.

एचपीव्हीच्या चाचणीसाठी बाईने स्वतःच नमुना घ्यायचा, ही पद्धत या ठिकाणी कामाला येते. साधन फार साधं आहे. कान साफ करायच्या काडीसारखी, पण चांगली लांब आणि टोकाला मऊ अशी काडी किंवा बारीक ब्रश, आणि झाकणाची एक नळी. हात धुवायचे. उकिडवं बसायचं किंवा एक पाय उंचावर ठेवायचा. काडीच्या मऊ टोकाला हात न लावता ती सावकाश आत सरकवायची, अडली की थांबायचं. तिथे वीस-तीस सेकंद हलकेच गोल फिरवायची, बाहेर काढून नळीत घालायची, झाकण घट्ट लावायचं. झालं. पाळी चालू असताना करायचं नाही, एवढं पथ्य. स्पेक्युलम नाही, टेबल नाही, कुणासमोर अंग उघडं करणं नाही. शेतात, ओट्यावर, चुलीपुढे ज्या बायकांचं निम्मं आयुष्य उकिडवं बसण्यात जातं त्यांना ही बैठक कुणी शिकवायला नको.

मनात शंका येते की डॉक्टरला दिवा धरून जे बघावं लागतं ते बाईला न बघता कसं जमेल. उत्तर तपासणीच्या जातीत आहे. पॅप चाचणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, म्हणून तिला नेमक्या गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी लागतात, व्हीआयएला ते तोंड डोळ्यांना दिसावं लागतं. एचपीव्हीच्या चाचणीत शोधायचा असतो विषाणूचा डीएनए, आणि तोंडावरून सुटणाऱ्या पेशींबरोबर तो योनिमार्गातही उतरलेला असतो. काडी तोंडाला टेकली नाही तरी पुरावा मिळतो. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र ताळा प्रसिद्ध झाला. चाचणी पीसीआर पद्धतीची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून शोधणारी असेल तर बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यातून आजाराची पूर्वावस्था डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकीच पकडली जाते, असा त्याचा निष्कर्ष. जुन्या धाटणीच्या काही चाचण्यांत मात्र स्वतःचा नमुना उणा पडला. खरेदीचा निर्णय घेणाऱ्याने हे वाक्य टेबलावर लिहून ठेवावं, कारण स्वस्तातली चुकीची चाचणी घेतली तर सगळी मेहनत वाया जाईल. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीच पहिली तपासणी असावी आणि नमुना बाईने स्वतः घेतलेला चालेल, अशी शिफारस केली. तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी पंचविशीपासून आणि अधिक वेळा. ऑस्ट्रेलियात 2022 पासून तपासणीसाठी येणाऱ्या प्रत्येक बाईला ही निवड आहे. लाज आणि वेळेची टंचाई ही काही एकट्या वारली बाईची अडचण नाही.

एचपीव्ही चाचणीवर जगाचा विश्वास बसला त्यात महाराष्ट्राच्या खेड्यातल्या बायकांचा मोठा वाटा आहे, आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे 1987 पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या कॅन्सररुग्णांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. खेड्यांची अशी ही देशातली पहिली नोंदवही. कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांशी बोलत, अंगावरून जाणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं याबद्दल सांगत, आणि काही वर्षांतच बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचं नोंदवहीत दिसू लागलं. तोवर ना चाचणी होती ना यंत्र. नुसतं घरी जाऊन बोलणं होतं.

या पायावर 1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास उभा राहिला. लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं रुग्णालय मिळून. गावांचे 52 गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हीआयए, आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे तपासणी नाही. निकाल एप्रिल 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एचपीव्हीच्या गटात सुमारे 34 हजार बायकांत या कॅन्सरने 34 मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या साडेएकतीस हजारांत 64. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आणले. पॅप आणि व्हीआयएला त्या अभ्यासात असा ठळक फरक दाखवता आला नाही. (मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी व्हीआयए केलं आणि बारा वर्षांत मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. चांगल्या प्रशिक्षणाने व्हीआयएही काम करतं. पण असं प्रशिक्षण आणि अशी देखरेख प्रत्येक उपकेंद्रात टिकवणं सोपं नाही.)

त्या चौसष्ट जणींकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. तपासणी न मिळालेला गट ठेवण्यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्त होती असं मला वाटतं. गर्भाशयमुखाच्या तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना दशकं आधीपासून माहीत होतं. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या काळी तिथे कुठल्याच बाईला तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे कुणाचं काही हिरावलं नाही. हा युक्तिवाद कायद्याच्या चौकटीत बसतो. पण ज्या निष्कर्षावर जगाचे नियम ठरले, तो ज्या गावांनी दिला त्या गावांचं आणि त्यांच्यासारख्याच डहाणू-तलासरीच्या गावांचं आपल्यावर देणं आहे. 2009 नंतरही या चाचणीची वाट बघायला लावणं म्हणजे तोच तपासणी न झालेला गट अभ्यास संपल्यावरही चालू ठेवणं होय.

काडी घरोघर नेली तर बायका घेतील का, याचं उत्तर अर्जेंटिनातून मिळालं आहे. उत्तरेकडचा खुखुय हा डोंगराळ प्रांत, मूळनिवासींची मोठी वस्ती, आणि आपल्या आशांसारख्या घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका. 2012 साली सिल्विना आरोसी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन गट केले. एका गटातल्या सेविका नेहमीच्या गृहभेटीत बाईला ‘दवाखान्यात या’ म्हणाल्या. दुसऱ्या गटातल्या सेविकांनी काडी पुढे केली. सहा महिन्यांत पहिल्या गटातल्या शंभरातल्या 20 जणींची तपासणी झाली, दुसऱ्या गटातल्या 86 जणींची. सेविका तशाच, बायकाही तशाच.

पण खुखुयचीच पुढची गोष्टही सांगायला हवी. चाचणीत विषाणू सापडलेल्या बायकांना पुढच्या तपासणीपर्यंत आणणं तिथे जड गेलं, आणि त्यासाठी मोबाइलवर निरोप पाठवण्याचा वेगळा प्रयोग करावा लागला. काडीने पहिला उंबरा ओलांडता येतो. दुसऱ्या उंबऱ्यावर तेच टेबल आणि तोच दिवा असतो, कारण विषाणू आहे म्हटल्यावर गर्भपिशवीचं तोंड कुणीतरी पाहावंच लागतं. फरक इतकाच की आता शंभरातल्या शंभर जणींना टेबलावर चढायची गरज उरत नाही. उस्मानाबादेत चाचणी झालेल्या दर शंभरांपैकी दहा जणींत विषाणू सापडला होता. बाकीच्या नव्वद जणींना पुढची पाच वर्षं निर्धास्त राहा म्हणून सांगता येतं.

त्या दहा जणींना काय आणि कसं सांगायचं, यावर सगळं अवलंबून आहे. ‘तुझ्यात विषाणू सापडला’ हे वाक्य पाड्यावर दोन वाटांनी फिरतं. एक वाट भीतीची: कॅन्सर झाला, आता पिशवी काढावी लागणार. दुसरी संशयाची: हा रोग शरीरसंबंधातून येतो म्हणतात, मग हिला आला कुठून? नवरा आठ महिने बोटीवर आणि बायकोच्या हातात असा कागद, या घरात पुढे काय होऊ शकतं हे सांगायला नको. म्हणून बोलणं आधी शिकवलं पाहिजे. हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेक बायका-पुरुषांना होतो. तो कधी आला हे कुणालाच सांगता येत नाही, वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. पुरुषाच्या अंगात तो बहुधा मुकाट असतो. सापडला म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर होऊ नये म्हणून एकदा नीट बघून घ्यायचं, एवढाच निरोप आहे. आणि तो कागदावर लिहून नवऱ्याच्या किंवा सासूच्या हाती पाठवायचा नाही, बाईला एकटीला गाठून सांगायचा.

पिशवी काढण्याच्या भीतीला तर महाराष्ट्रात ताजा आणि फार वाईट इतिहास आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या कित्येक जणींना ‘पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं. तोडीच्या हंगामात खाडा परवडत नाही, म्हणून त्यांनी ते ऐकलं. ऊसतोड आणि वीटभट्टी यांचं गणित एकच: उचल, मुकादम, सहा महिने घराबाहेर. ज्या बाईकडे ‘तुझ्यात विषाणू नाही’ असं सांगणारी खात्रीची चाचणी असते तिला कॅन्सरची धमकी देऊन फसवणं अवघड जातं. स्वतः घेतलेल्या नमुन्याचा हा उपयोग कुठल्याच अहवालात मोजला जात नाही. माझ्या मते तो जीव वाचवण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आता पुन्हा कॅलेंडर पाहू. समजा, भादव्यात कैनाडच्या पाड्यांवर नमुने घेतले. ते तालुक्याला गेले, तिथून प्रयोगशाळेत, पुरेसे नमुने साठेपर्यंत थांबले, निकाल आला, यादी झाली, यादी आशाताईकडे आली. तोवर दिवाळी होऊन गेली. यादीतली बाई भिवंडीच्या भट्टीवर विटा थापते आहे, तिचा फोन नवऱ्याच्या खिशात आहे किंवा रिचार्जविना बंद आहे. पावसाळ्यात ती येईल तेव्हा ती यादी कुणाच्या टेबलाच्या खणात असेल कोण जाणे. या भागातल्या मोहिमेचं यश नमुने किती जमले यावर मोजलं तर आकडा सुंदर येईल आणि एकही जीव वाचला नसेल. मोजायचं ते हे: विषाणू सापडलेल्या बाईला त्याच दिवशी, फार तर त्याच आठवड्यात उपचार मिळाला का.

हे अशक्य नाही. पापुआ न्यू गिनीत, जिथले रस्ते आपल्यापेक्षा कठीण, तिथे दवाखान्यात बाईने स्वतः नमुना घ्यायचा, तासाभरात चाचणी व्हायची आणि विषाणू सापडला तर त्याच दिवशी उपचार, अशी पद्धत राबवून पाहिली गेली आणि ती चालली. उपचाराचं साधनही आता बदललं आहे. थर्मल ॲब्लेशनचं उपकरण हातात धरता येतं, बॅटरीवर चालतं. त्याचं तापलेलं टोक बिघडलेल्या भागाला मिनिटभराहून कमी वेळ लावायचं. भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. डाग मोठा असेल किंवा आत गेलेला असेल तर हे पुरत नाही, मग मोठं रुग्णालय. पण बहुतेकींचं काम इथेच होतं.

चाचणीचं यंत्रही परदेशातून आणावं लागेल असं नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या तपासणीसाठी देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत पोचलेलं आहे. तेही बॅटरीवर चालतं, आणि चिप बदलली की त्याच यंत्रावर एचपीव्हीच्या आठ घातक प्रकारांची चाचणी होते. अशा देशी एचपीव्ही चाचण्यांची पारख करण्याचं काम दिल्लीचं एम्स, नोएडाची कॅन्सर प्रतिबंध संस्था आणि मुंबईत परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था यांनी मिळून केलं, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. आणि परळच्या याच संस्थेच्या देखरेखीखालचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे डहाणूत, उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात. चाचणी पारखणारे, यंत्र, उपकेंद्र, आशाताई हे सगळं एका तालुक्याच्या आवाक्यात आलेलं आहे. या चाचण्या बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यावर तितक्याच खऱ्या उतरतात का, हे इथल्याच बायकांबरोबर नीट तपासून घेता येईल.

‘बायकांबरोबर’ हा शब्द मी जपून वापरते आहे. 2009 साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या निघाल्या. प्रकल्प थांबवला गेला आणि 2013 साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. लस निर्दोष होती. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅकही उपलब्ध आहे आणि या बायकांच्या लेकींना ती मिळालीच पाहिजे. पण विचारण्यात केलेल्या चुकीने देशाची कित्येक वर्षं गेली. डहाणू-तलासरीत विचारायचं तर बाईच्या बोलीत, चित्रं दाखवून, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवून. लग्नाचा चौक जिथे सवाशिणी चितारतात तिथे काडी कशी धरायची हे चित्रातून समजावणं कठीण जाऊ नये. ती चित्रं बाहेरच्या जाहिरात कंपनीने काढू नयेत, इथल्याच बायकांनी काढावीत.

जागेचाही विचार व्हायला हवा. काडी घरी घेता येते असं आपण सहज म्हणतो. कुडाचं एका खोलीचं घर, आत सासू-सासरे, पोरं, बाहेर ओटीवर पुरुष. नहाणी म्हणजे घरामागे तीन बाजूंनी लावलेला आडोसा. काही बायकांना घरापेक्षा उपकेंद्राचं संडास बरं वाटेल, काहींना आशाताईचं घर, काहींना पहाटेची वेळ. निवड बाईची असावी. आणि काहींना नर्सबाईनेच नमुना घ्यावा असं वाटलं तर तीही सोय हवी, कारण आपण नीट घेतलं की नाही ही धाकधूक बऱ्याच जणींना असते.

या सगळ्याचं ओझं शेवटी आशाताईवर येतं. गरोदर बायांची नोंद, लसीकरण, कुपोषण, क्षय, सिकलसेल, आणि आता काडी. तिला पगार नाही, मानधन आहे आणि कामागणिक मोबदला आहे. नमुना गोळा केल्याचा मोबदला ठरवला तर ती नमुने गोळा करेल. विषाणू सापडलेल्या बाईला उपचारापर्यंत पोचवल्याचा मोबदला ठरवला तर ती तिच्याबरोबर कासाला जाईल. सरकारने कशाला पैसे दिले यावरून सरकारला काय हवं होतं ते पाड्यावर बरोबर कळतं.

आणि शंभरांत, हजारांत एखादीला तपासणीत कॅन्सरच निघेल. तिच्यासाठी डहाणू रोडहून पहाटेची लोकल, दादर, तिथून परळ, टाटा मेमोरियलची रांग. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो. रेडिएशन आठवडेच्या आठवडे चालतं. तेवढे दिवस बाईबरोबर राहणाऱ्या माणसाची मजुरी, मुंबईतलं खाणं, निजायची जागा आणि मुकादमाची फेडायची उचल यांतलं काही त्या योजनेत येत नाही. उपचार अर्ध्यावर सोडून परतण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पालघरच्या मोहिमेचं अंदाजपत्रक होईल तेव्हा काड्या, चिपा आणि यंत्रं यांच्या खाली सोबतीच्या माणसाचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांचीही ओळ त्यात घातलेली असावी.